आवाज मारायचं औषध

शनिवारी सकाळी सातला यांनी ट्रक सुरू केला आणि इंजिनात कोणीतरी आतून दार ठोठावायला लागलं.

टिकटिक तशी चार महिन्यांची होती. पण ती घड्याळासारखी, बारीक. ऐकायची नसेल तर न ऐकता येण्यासारखी. आजचा आवाज तसा नव्हता. आमचे हे स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते, जणू ठोकाठोकी भिंतीपलीकडे चालली होती.

“ऐकू येतंय का?” मी खालून ओरडले.

“काय?”

“बंद करा आधी.”

इंजिन बंद झालं. त्या शांततेत अंगणापलीकडच्या खिडकीचा पडदा हलला. म्हणजे जाऊबाईंनीही ऐकलं होतं.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. थोरले भाऊजी पाच वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून त्यांच्या वाट्याचा ट्रक त्या स्वतः चालवतात. गाडी मागे घेताना आरशात बघत नाहीत; आरशानंच त्यांच्याकडे बघावं असा थाट. आमच्या घरी हे चालवतात आणि मी दुरुस्त करते. मी कुठे शिकायला गेले नाही. शिवणाच्या मशीनपासून सुरुवात झाली, मग पाण्याचा पंप, मग रद्दीत एक इंजिनाचं पुस्तक मिळालं. अक्षरं परक्या भाषेतली होती, पण चित्रांना भाषा लागत नाही.

लोकांचं सामान वाहायचा ट्रक एक आणि घरं दोन, हे सासऱ्यांचं देणं. त्यांनी हयातीतच कागद करून ठेवला. एक आठवडा थोरल्या घराचा, एक धाकट्या घराचा. सोमवारी सकाळी सहाला किल्ली द्यायची. ज्याच्या आठवड्यात बिघडेल त्यानं दुरुस्त करायची. आणि शेवटची ओळ: जे घर सोमवारी सहाला गाडी सुरू आणि धडधाकट हवाली करणार नाही, त्या घराचा गाडीवरचा हक्क संपला. म्हाताऱ्याला वाटलं, या धाकानं दोन्ही घरं गाडीला फुलासारखं जपतील. माणूस भला होता, पण सुना ओळखल्या नाहीत त्यानं.

सासरे गेल्यावर महिन्याभरात अंगणात विटांची ओळ आली. कोणी घातली यावर दोन्हीकडचं म्हणणं वेगळं आहे. ट्रक त्या ओळीवर बरोब्बर मधोमध उभा राहतो. दोन चाकं त्यांच्या हद्दीत, दोन आमच्या. गेली चार वर्षं जाऊबाई आणि मी एकमेकींशी सरळ बोललेलो नाही. वाकडं बोलायला मात्र कधी सवड कमी पडली नाही.

त्या बाहेर आल्या. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात भिंतीवरून काढलेलं घड्याळ. घड्याळ त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर, पुदिन्याच्या डब्यांच्या ओळीशेजारी, माझ्याकडे तोंड करून ठेवलं. खुर्ची विटांना लावून मांडली आणि बसल्या.

“सत्तेचाळीस तास,” त्या म्हणाल्या.

“घड्याळ पुढे आहे तुमचं.”

“घड्याळ बरोबर आहे. तूच मागे आहेस.”

सांगायला लाज वाटते, पण न सांगून पुढचं कळायचं नाही. पार्टवाल्याकडे एक हिरवा डबा मिळतो. आत मधासारखं घट्ट काहीतरी असतं. ते इंजिनाच्या ऑईलमध्ये ओतलं की ऑईल जाड होतं आणि टिकटिक दबते. बरं काही होत नाही, फक्त तोंड बंद होतं. पार्टवाला त्याला आवाज मारायचं औषध म्हणतो. चार महिन्यांपूर्वी टिकटिक ऐकली तेव्हा मी झाकण उघडून बघायला हवं होतं. त्याऐवजी रविवारी संध्याकाळी एक डबा ओतला आणि सोमवारी सहाला मुकी गाडी जाऊबाईंच्या हातात दिली. मरायचीच असेल तर त्यांच्या आठवड्यात मरू दे, एवढाच विचार. मग दर पंधरा दिवसांनी तेच. आठ डबे झाले. रिकामे डबे आमच्या पलंगाखाली ट्रंकेच्या मागे आहेत.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. ही गाडी ऑईल पिणारी. आठवड्याला अर्धा लिटर तरी वर घालावं लागायचं. या चार महिन्यांत ऑईल मोजायची पट्टी काढून बघावी तर पातळी जिथल्या तिथे. हे म्हणायचे, “बघ, औषध लागू पडलं.” आणि मीही मान डोलवायचे.

आता मान डोलवायची सोय उरली नव्हती. मी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि यांना गाडी पुन्हा सुरू करायला सांगितलं. पहिल्या सिलिंडरपाशी नुसती घरघर. दुसऱ्यापाशी तीच. तिसऱ्यापाशी ठोका थेट दाढेत गेला. चौथा गप्प. पाचव्यापाशी आणखी एक, जरा उशिरानं आणि जरा जास्त रागानं.

“तीन आणि पाच,” मी म्हणाले.

“आकडा लावतेस का?” खुर्चीवरून आवाज आला. “माझाही एक लाव. सहा.”

इंजिन बंद करून वरचं टॅपेट कव्हर काढलं. आत बारा रॉकर, ओळीनं बसलेले, झोपाळ्याच्या फळीसारखे मधोमध टेकलेले. प्रत्येकाखाली एक बारीक लांब दांडी, आणि दांडीखाली, इंजिनाच्या पोटात, लिफ्टर. लिफ्टर म्हणजे अंगठ्याएवढं पोलादी नळकांडं. आत स्प्रिंग आणि ऑईल. कॅम, म्हणजे खाली फिरणारा उंचवट्यांचा दांडा, त्याला उचलतो, ते दांडीला उचलतं, दांडी रॉकरला. ऑईलनं भरलेला असेल तोवर लिफ्टर काम मुकाट्यानं करतो. ऑईल आत जाईनासं झालं की पोकळी राहते, आणि त्या पोकळीत लोखंड लोखंडाला मारतं. गाडीचं दुखणं एवढंच. मी एकेका रॉकरवर अंगठा दाबत गेले. दहा दगडासारखे घट्ट. तिसऱ्या सिलिंडरवरचा एक आणि पाचव्यावरचा एक मात्र शिळ्या पावासारखे दबले.

“दोन लिफ्टर मेलेत,” मी यांना सांगितलं. “पार्टवाल्याकडे जा. दोन नको, अख्खा सेट मागा.”

“सोमवारपर्यंत होईल ना?”

त्यांनी हे हळू विचारलं, खुर्चीकडे पाठ करून. यांचं वय छप्पन. कमरेचा मणका सरकलेला. गाडी चालवण्यापलीकडे कुठलं काम कधी केलं नाही. गाडी गेली तर यांना एकच दार होतं, वहिनींचं: त्या गाडी चालवणार आणि हे मागे उभं राहून दुसऱ्यांची कपाटं उचलणार. त्या कमरेनं. जाऊबाईंनी हे एकदा बोलूनही दाखवलं होतं, हसत हसत.

“जा तुम्ही,” मी म्हणाले.

हे सायकलवर गेले आणि तासाभरानं परत आले. पिशवी रिकामी. विटांपासून जेवढं लांब उभं राहता येईल तेवढं लांब, आमच्या दाराच्या चौकटीत उभे राहिले.

“नाहीत. एकच सेट होता त्याच्याकडे. मंगळवारी गेला. नवा मागवला तर दहा दिवस.”

“कोणी नेला?”

हे पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. यांचं तोंड जे सांगत नाही ते अंगठा सांगतो. मान न वळवता त्यांनी डोळे पलीकडच्या खुर्चीकडे नेले.

मंगळवार. म्हणजे आमच्याच आठवड्यातला.

मी हातातला पाना घेऊन विटा ओलांडल्या. चार वर्षांत पहिल्यांदा.

“चपला!” जाऊबाई कडाडल्या.

आणि मी मूर्खासारख्या चपला काढल्या. लग्न होऊन आले तेव्हा याच बाईनं मला उंबऱ्याशी असंच थांबवलं होतं. पायांना अजून आठवत होतं. आता पाना उगारून, अनवाणी उभी राहिले.

“लिफ्टर तुमच्याकडे आहेत.”

“आहेत.”

“कशाला घेतलेत?”

“तुला मिळू नयेत म्हणून.”

इतक्या सरळ उत्तराची मला सवय नव्हती. मी तयार करून आणलेली दोन वाक्यं वाया गेली.

“आणि गाडी तुमच्या आठवड्यात मेली असती तर?”

“तर माझ्याकडे होते की.”

“बसवले कोणी असते?”

जाऊबाईंनी पुदिन्याचं एक पान खुडलं, बोटांत चुरगळलं, वास घेतला. “तुला हाक मारावी लागली असती. त्यापेक्षा तुझ्या आठवड्यात मेलेली बरी.”

लिफ्टर मागितले असते तर पाया पडल्यासारखं झालं असतं. जुनेच लिफ्टर बाहेर काढून, खोलून, धुऊन चालतात का बघावं, असं मनाशी ठरवलं. लिफ्टरपर्यंत पोचायला इंजिनाच्या कुशीवरचं लांबट झाकण काढावं लागतं. ते झाकण नेमकं जाऊबाईंच्या बाजूला. मी खाली बसले आणि पहिला बोल्ट सैल केला.

“माझ्या हद्दीत हात चालवू नकोस.”

“जमीन तुमची. सोमवारी सहापर्यंत गाडी माझी.”

“सोमवारी सहानंतर?”

“तेव्हा या जमिनीवर दुसरं कोणीतरी आणून बसवा, लिफ्टर काढायला.”

सहा बोल्ट निघाले तरी झाकण सुटेना. चाकूचं पातं सरकवून उचकटलं तेव्हा ते सुटलं. त्याबरोबर तपकिरी, चिकट, गोठलेला एक गोळा बाहेर आला. क्षणभर लोंबकळला आणि माझ्या उघड्या पायावर पडला.

मी वाकून आत टॉर्च मारला. लिफ्टर दिसतच नव्हते. बारा भोकांवर त्या डिंकाचा थर चढला होता, पावसाळ्यात विसरलेल्या गुळाच्या भेलीसारखा. ऑईल जायच्या बारीक वाटा बुजून गेल्या होत्या. दोनच मेले होते हे नशीब. बाकीचे दहा मरायच्या रांगेत उभे होते.

हे आठ डब्यांचं काम नव्हतं. आठ डब्यांत एवढा चिखल होत नाही. आणि मग ती पातळी आठवली. ऑईल पिणारी गाडी, चार महिने एक थेंब न घालता, पट्टीवर पातळी जिथल्या तिथे. आमचा आठवडा सोडला तर उरलेला आठवडा कोणाचा?

मी मान वर केली. समोर खिडकीचा कट्टा. घड्याळाशेजारी पुदिन्याचे डबे, लेबलं काचेकडे फिरवलेली. कडा हिरव्या. मी मोजले. आठ.

“पुदिना छान आलाय,” मी म्हणाले.

“दृष्ट लावू नकोस.”

“डबे पण छान आहेत. आमच्याकडेही आहेत असे. आठच.”

जाऊबाईंनी डब्यांकडे बघितलं नाही. म्हणजेच बघितलं.

“तुमचे कुठेत?” त्यांनी विचारलं.

“पलंगाखाली.”

“पलंगाखाली! चोरासारखे.”

“तुम्ही काय, आरास मांडलीत.”

“तू सुरू केलंस.”

“मी? तुमच्याकडून गाडी यायची ती इतकी गप्प, की मला वाटायचं माझेच कान गेले.”

“मला आठवतंय ना! त्या दवाखान्याची कपाटं पोचवली त्या आठवड्यात पहिल्यांदा वाजली. सोमवारी तुझ्या नवऱ्यानं हातात दिली तेव्हा हूं की चूं नाही, आणि गुरुवारी चढावर टिकटिक. म्हटलं अस्सं. या लोकांनी औषध पाजून गळ्यात मारली काय!”

“कपाटं पोचवली त्याच्या आधी मी डबा बघितलाही नव्हता!”

“खोटं बोलू नकोस, जीभ झडेल.”

“तुमची आधी झडू दे, मोठ्या आहात.”

गल्लीतली दोन माणसं फाटकाशी थांबली होती. जाऊबाईंनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्यांना एकदम कामं आठवली.

“पहिलं मी घातलं,” हे म्हणाले.

ते चौकटीतच उभे होते. इतका वेळ दोघींपैकी कोणालाही त्यांची आठवण नव्हती.

“काय?”

“मलाच पहिल्यांदा ऐकू आली टिकटिक. कपाटांच्या आधी. तुला सांगितलं असतं तर तू इंजिन उघडून बसली असतीस, आणि सोमवार तोंडावर आलेला.” अंगठा जमिनीत अर्धा गेला होता. “म्हणून एक डबा आणला. एकच. पुढचे तूच घातलेस.”

“नववा डबा कुठाय?”

“वखारीत. साबण ठेवतो त्यात, हात धुवायचा.”

जाऊबाई खुर्चीवरून उठल्या. “मी या घरात आले तेव्हा हा माणूस एवढासा होता. बरणी फोडायचा आणि मांजराचं नाव सांगायचा. मांजर बिचारं उपाशी राहायचं चार दिवस.”

“माझ्याशी लग्न लावताना हे सांगितलं नाहीत ते?”

“तू विचारलंस का?”

“वहिनी,” हे म्हणाले.

“गप्प बसा!” आम्ही दोघी म्हणालो. एका आवाजात.

मी पायावरचा चिखल चिंधीनं पुसला आणि चिंधी त्यांच्या खुर्चीच्या पायाशी ठेवली.

“ऐका. सोमवारी गाडी तुमची होईल. कागदात तसं आहे. लिफ्टरही तुमचेच आहेत. पण आतलं हे सगळं खरवडून काढल्याशिवाय नवे घातलेत, तर महिन्याभरात तेही चोंदतील. मग कॅम जाईल. मग ना तुमची, ना आमची, भंगारवाल्याची. आणि हे खरवडायला…”

“हाक मारावी लागेल,” जाऊबाई म्हणाल्या. तोंडात कडू बी आल्यासारखं तोंड झालं होतं त्यांचं.

त्या आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आल्या त्या पुठ्ठ्याचं खोकं घेऊन, आणि पुन्हा खुर्चीवर बसून ते मांडीवर ठेवलं.

“एक जुना द्यायचा, एक नवा घ्यायचा. मोजून.”

“बरं.”

“चपला घालून इकडे यायचं नाही.”

“बरं.”

“आणि कागद कागदाच्या जागी आहे. सोमवारी सहाला वाजली, तर माझी. मग भाऊजींना कपाटं उचलायला मी घेईन की नाही, ते माझं मी बघीन.”

शनिवारचा उरलेला दिवस इंजिनाच्या तळाचं ऑईलचं चेंबर रिकामं करण्यात गेला. खालचा बोल्ट काढल्यावर ऑईल पडायला हवं. इथे ते उतरायचा विचार करत होतं. रॉकेल, ब्रश, चिंध्या. मी बाहेरून खरवडत होते, जाऊबाई खुर्चीवरून चुका काढत होत्या. दुपारी त्यांनी ब्रश हिसकावून घेतला. “लाडानं काय पुसतेस, बाळ आहे का ते?” आणि मग संध्याकाळपर्यंत त्यांनी असं काही घासलं की मला इंजिनाची कीव आली.

रविवारी सकाळी लिफ्टर काढायला बसलो. रॉकर सैल केले, दांड्या उपसल्या. लिफ्टर दोन बोटांत धरून, पिळत पिळत वर ओढायचा. निघाला की माझ्या दोऱ्यांच्या रिळांच्या डब्यात. त्या डब्याला बारा खण आहेत. प्रत्येकावर मी खडूनं आकडा घातला होता.

“फेकायचेच आहेत ना? मग हे नखरे कशाला?”

“तळ बघायचेत. ज्याचा तळ खड्ड्यासारखा झिजला असेल, त्याच्या खालचा कॅम गेला. मग नवे घालूनही उपयोग नाही.”

त्यानंतर निघालेला प्रत्येक लिफ्टर जाऊबाईंनी माझ्या आधी हातात घेतला, उलटा केला, तळावरून नख फिरवलं आणि मगच खणात टाकला. दर खेपेला खोक्यातून एक नवा काढून माझ्यापुढे धरायचा, माझ्या चेहऱ्याकडे न बघता. पाचव्या सिलिंडरचा मेलेला लिफ्टर निघेना. माझी बोटं सोलवटली. मी चिमटा लावायला गेले तेव्हा त्यांनी मला खांद्यानं बाजूला ढकललं, पदराचं टोक बोटांना गुंडाळलं, श्वास रोखला आणि तो बाहेर आणला. मी स्टिअरिंगवर तीस वर्षं काढली असती तरी माझ्या मनगटांत ती ताकद आली नसती. तळावर दोन ओरखडे होते. मी टॉर्च धरून खालच्या कॅमवर बोट फिरवलं. फिरवतच राहिले.

“बोल ना काहीतरी, थोबाड शिवलंय का?”

“गुळगुळीत आहे.”

हे विटांपलीकडे नवं ऑईल, फिल्टर आणि गॅस्केटचा लेप घेऊन उभे होते. त्यांना आत यायची परवानगी नव्हती, दोघींचीही नव्हती.

नवा लिफ्टर बसवण्याआधी ऑईलच्या वाडग्यात बुडवून, दांडीनं दाबून, आतली हवा काढावी लागते. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. ते काम जाऊबाईंनी घेतलं. एकेकाला धरून असं दाबत होत्या की मी विचारलं, “कोणाचा गळा दाबताय?”

“नाव सांगू?”

“नको. कळलं.”

संध्याकाळी पाचला बारावा बसला. झाकणाच्या कडेला लेप लावला, बोल्ट कसले, चेंबरमध्ये नवं ऑईल ओतलं.

“चल, लाव सुरू,” जाऊबाई म्हणाल्या.

“आज नाही. लेप सकाळपर्यंत सुकायला हवा. आत्ता लावली तर सगळं ऑईल तुमच्याच अंगणात येईल.”

“म्हणजे वाजते की नाही ते आज कळणारच नाही?”

“नाही.”

त्यांनी घड्याळ उचललं आणि आत गेल्या. दाराची कडी जोरात लावली.

सोमवारी पावणेसहाला उजाडलेलं होतं. घड्याळ कट्ट्यावर परत आलं होतं. मी कॉईलची तार काढून ठेवली आणि यांना नुसताच स्टार्टर मारायला सांगितलं, ठिणगीशिवाय, म्हणजे ऑईल वर चढेल. थांबून थांबून चार वेळा. मग तार लावली. सहाला सहा मिनिटं होती.

“लावा.”

गाडी सुरू झाली, आणि बाराच्या बारा लिफ्टर एकदम वाजायला लागले. टिनाच्या पत्र्यावर कोणी फुटाणे ओतावेत तसे.

“वाजतंय,” जाऊबाई म्हणाल्या.

“नव्यांत थोडी हवा राहतेच. भरतील. थांबा.”

“मी थांबीन. घड्याळ थांबायचं नाही.”

मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. पहिला गप्प झाला. मग दुसऱ्या सिलिंडरचे दोन्ही. मग सहाव्याचे. यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि बूट घातलेले असले तरी आत अंगठा काय करत असेल ते मला दिसत होतं. चौथा. तिसरा. सहाला एक मिनिट उरलं तेव्हा एकच टिकटिक शिल्लक होती. पाचव्याची. जुनीच, ओळखीची, चार महिन्यांची.

काटा सहावर आला. टिकटिक चालूच होती. मी जाऊबाईंकडे बघितलं नाही. खालच्या मातीकडे, माझ्या अनवाणी पायांकडे बघत राहिले. त्यांनी फक्त एक शब्द बोलायचा होता.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जाऊबाई कट्ट्यापाशी गेल्या, घड्याळ उचललं, हलवून बघितलं.

“हे मेलं पुढे जातं जरा,” त्या म्हणाल्या आणि ते पालथं ठेवलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पाचव्याची टिकटिक लांब लांब पडत गेली, एकदा अडखळली आणि थांबली. इंजिन नुसतं घुमत राहिलं.

“आता?” मी विचारलं.

“आता ऐकू येत नाही.”

“म्हणजे वाजत नाही.”

“म्हणजे ऐकू येत नाही,” जाऊबाई म्हणाल्या. “चार महिने हेच तर करत होतो आपण. मला कसं कळावं, पहाटे उठून तू डबा ओतला नाहीस?”

मी ऑईलची पट्टी ओढली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी थेंब बोटांत घेतला, चोळला, वास घेतला. पातळ, स्वच्छ, सोनेरी. तरी कपाळावरची आठी गेली नाही. मग त्या चालकाच्या दाराशी गेल्या आणि दारावर थाप मारली.

“उतरा भाऊजी. माझा आठवडा सुरू झाला.”

हे उतरले. जाऊबाई चढल्या, सीट पुढे ओढली, आरसा दुसरीकडेच फिरवला. मी पाने गोळा करायला वाकले.

“ते राहू दे. चढ.”

“मी कशाला?”

“तो चढ आहे ना, जिथे पहिल्यांदा वाजली, तिथवर. वाजली तर कुठली वाजते ते कोण सांगणार? भाऊजी? ते मांजराचं नाव सांगतील.”

“चपला घेते.”

“माझ्या गाडीत चपला लागत नाहीत. चढ म्हणते ना!”

मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चढले. जाऊबाईंनी आरशात न बघता गाडी मागे घेतली. मागच्या चाकाखाली विटांच्या ओळीतल्या दोन-तीन फुटल्या.

“विटा,” मी म्हणाले.

“गप्प बस,” त्या म्हणाल्या. “ऐक.”